अप्पांनी नाकारलेलं निळं यंत्र

परवा नातवानं मला कानाच्या दवाखान्यात नेलं. त्याचं म्हणणं, आजीला ऐकू कमी येतं. माझं म्हणणं, आजीला जे ऐकायचं नसतं तेवढंच ऐकू येत नाही. बाकी फ्रिजचं दार कुणी उघडलं हे मला गच्चीवरसुद्धा कळतं. पण घरात माझं कुणी ऐकत नाही आणि कान तपासायचे ते माझेच.

तिथल्या पोरीनं हातात मावेल एवढं एक यंत्र आणलं, त्याच्या टोकाचं मऊ रबर माझ्या कानात बसवलं आणि म्हणाली, "आजी, आता बोलायचं नाही, गिळायचं नाही, हसायचं नाही."

"बाई गं, मग माझ्याजवळ उरलं काय?" मी म्हटलं. तिला पहिल्यापासून सुरुवात करावी लागली.

कानात हलकासा दाब आला, घूं असा बारीक आवाज झाला आणि यंत्राच्या पडद्यावर एक छोटा डोंगर उमटला. पोरगी खूश. "छान आलाय हो डोंगर! कानाचा पडदा मस्त हलतोय."

माझ्या तोंडून निघून गेलं, "डोंगर आला म्हणून ऐकू येतं असं नसतं, बाळ."

ती चमकली. "तुम्हाला कसं माहीत?"

"एका भांडखोर माणसानं सांगितलंय," मी म्हटलं आणि घरी येईपर्यंत गप्प बसले. नातवाला वाटलं, आजी दमली.

तो भांडखोर माणूस म्हणजे वीरभद्रअप्पा. 'वीरभद्र' फक्त पगाराच्या कागदावर. तिशीतच सगळं लातूर त्यांना अप्पा म्हणायला लागलं होतं, त्यांच्याहून वडील माणसंसुद्धा. घर लिंगायत, मूळ निलंग्याकडचं. घरात कानडी, बाजारात मराठी. वडिलांची मार्केट यार्डात तुरीची आडत. थोरल्यानं गादीवर बसावं ही त्यांची इच्छा, आणि थोरला म्हैसूरला जाऊन कान तपासायचं शास्त्र शिकून आला. वडील शेवटपर्यंत येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे, "आमचं मोठं पोरगं न्हाई का, लोकांच्या कानात बगत फिरतंय." अप्पांनी हे कधी मनाला लावून घेतलं नाही. मनाला लावून घ्यायच्या त्यांच्या गोष्टी वेगळ्या होत्या, आणि त्या पुष्कळ होत्या.

कपाळावर विभूतीचे पट्टे, पांढरा सदरा, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. आवाज लिलाव पुकारणाऱ्याचा. लेकराच्या कानात लसणाचं कडत तेल ओतून आणणाऱ्या आयांवर तो आवाज असा कोसळायचा की पोर राहायचं बाजूला, आईच रडायला लागायची. "कढई समजलीस का गं? भजे तळायलीस का लेकराच्या कानात?" त्या बाईची चूक असायची, तरी मला तिचीच कीव यायची. पण तेच अप्पा लेकराकडं वळले की आवाज गुडघ्याएवढा खाली यायचा. फरशीवर मांडी घालून बसायचे आणि म्हणायचे, "बा मरी, बा इल्ली." म्हणजे कानडीत, ये पिल्ला, इकडं ये. लेकराला कानडी कळायचं नाही, बऱ्याचदा ऐकूही यायचं नाही. पण ते यायचं.

मी लातूरच्या मूकबधिर शाळेत शिक्षिका. अप्पा आठवड्यातून एकदा आमच्या मुलांचे कान तपासायला यायचे. उरलेले दिवस नांदेडच्या एका धर्मादाय संस्थेच्या शिबिरांत, दोन्ही जिल्ह्यांतली गावं पालथी घालत.

आमची पहिली भेट सांगायलाच हवी, कारण त्यात मी फार सुंदर दिसते. पुण्याहून शिक्षण घेऊन नुकतीच आलेली. अंबाडा, उंच टाचेच्या चपला, 'आहे ना' आणि 'नाही का' असलं नाजूक मराठी आणि अंगाला हे एवढं अत्तर. मराठवाड्यात ज्ञानाचा उजेड पाडायला मी एकटीच उरले आहे अशी माझी समजूत होती. वर्गात एक नवं पोरगं आलेलं, त्याला बघायला बाकीचे शिक्षक जमलेले. मी दबक्या पावलांनी त्याच्या मागं गेले आणि ताटलीवर चमचा हाणला. पोरगं गर्रकन वळलं. मी विजयी मुद्रेनं म्हणाले, "पाहिलंत? ह्याला ऐकू येतं!"

दारात एक अनोळखी माणूस उभा होता. तो म्हणाला, "ऐकलं न्हाई बाई, हुंगलं तेनं. तुमचं अत्तर मला फाटकापासून ऐकू येऊन राहिलं."

सगळा शिक्षकवर्ग हसला. मी त्या रात्री रडले, दुसऱ्या दिवशी अत्तर सोडलं आणि अप्पांशी महिनाभर बोलले नाही. त्यांना ते कळलंसुद्धा नाही. माझा रागही किती नाजूक होता बघा.

त्यांच्या खिशात फुटाणे असायचे. लेकरांना ते ठाऊक होतं, म्हणून ती खिशाला चिकटायची. पण तपासणीआधी एक दाणा द्यायचे नाहीत. चावलं, गिळलं, रडलं की यंत्रावरची रेघ थरथरते. मग ते वाट बघत बसायचे. यंत्राचं रबर आधी स्वतःच्या गालावर टेकवून ऊब आणायचे, मग लेकराच्या तळहाताला लावायचे, मग आईच्या कानाला, आणि लेकराला स्वतःहून हेवा वाटला की मग त्याच्या कानाला. बाहेर रांग वाढत जायची, सरपंच घड्याळ बघायचा. अप्पांचं उत्तर ठरलेलं. "तुम्हाला घाई हाय तर तुमचा कान दाखवा आधी."

मुरुडच्या एका शाळेतली गोष्ट. त्या शिबिराला मीही सोबत गेले होते. मुख्याध्यापकांनी शेवटच्या बाकावरच्या बालाजी नावाच्या पोराकडं बोट दाखवून सांगितलं, "ह्याच्यावर वेळ घालवू नका, मठ्ठ आहे." अप्पांनी नेमका त्याच्यावरच वेळ घालवला. दोन्ही कानांची रेघ सपाट आली, माळरानासारखी. पडद्यामागं पाणी भरलेलं. पोराला सगळं जग भिंतीपलीकडून बोलल्यासारखं ऐकू येत होतं. औषधानं, नाहीतर छोट्या ऑपरेशननं बरं होण्यासारखं होतं. एवढं सांगून थांबले असते तर ते अप्पा कसले? त्यांनी मुख्याध्यापकांच्या दोन्ही कानांत कापूस कोंबला, त्यांना शेवटच्या बाकावर बसवलं आणि मला म्हणाले, "बाई, तुमच्या त्या पुणेरी आवाजात शुद्धलेखन सांगा बरं."

मी सांगितलं. मला काय, कुणाची तरी फजिती होतेय म्हटल्यावर मी पुढं. मुख्याध्यापकांनी जे लिहिलं ते अप्पांनी वर्गाला वाचून दाखवलं. पोरं बाक वाजवून हसली.

बालाजीचा कान पुढं बरा झाला. पण त्या शाळेनं शिबिराला पुन्हा दार उघडलं नाही. त्यानंतरची किती लेकरं शेवटच्या बाकावर तशीच बसून राहिली असतील देव जाणे. मी हे अप्पांना बोलून दाखवलं, तर म्हणाले, "ऱ्हाऊ द्या. जिथं इज्जत न्हाई तिथं अप्पा न्हाई."

हा त्यांचा खरा दुर्गुण होता. भांडण जिंकायचे आणि निघून जायचे. मागं कोण राहिलं हे वळून बघायचे नाहीत. त्या वयात मला तो बाणेदारपणा वाटायचा. आता चीड येते.

पुढं पुष्कळ वर्षं गेली, माझी निवृत्ती दिसायला लागली. शिबिराचं जुनं यंत्र म्हणजे एक पेटीच होती; गोधडीत गुंडाळून जीपमधून न्यायचं, आणि मुदखेडच्या रस्त्यावर दोन खड्डे लागले की त्याचं डोकं फिरायचं. हातात धरायचं छोटं यंत्र घेऊ या, असं संस्थेनं ठरवलं. निवड अप्पांनी करायची होती. निदान पत्रात तरी तसं लिहिलं होतं.

नांदेडला संस्थेच्या हॉलमध्ये बैठक. शिक्षकांच्या वतीनं मला बोलावलं होतं. माझं मत कुणाला हवं नव्हतं. कमिटीत एक बाई असावी लागते, म्हणून. मी मात्र ठेवणीतली नारायणपेठ नेसून, जणू माझ्याच सहीवाचून मराठवाड्याचे कान अडून राहिलेत अशा थाटात गेले. टेबलावर मखमली कापड, त्यावर तीन यंत्रं, आणि एक टाय लावलेला विक्रेता. तिसऱ्या यंत्राचं रबर ओढल्यावर हातात आलं; ते लेकराच्या कानातच राहायचं, म्हणून अप्पांनी ते चहा यायच्या आत बाजूला केलं. उरली दोन. एक निळं, मोबाइलसारखं हलकं, देखणं. दुसरं राखाडी, जरा जड, पाटीसारखं ठोकळ.

विक्रेत्यानं निळं यंत्र अध्यक्षसाहेबांच्या कानाला लावलं. टिंग झालं, छोट्या डबीतून चिठ्ठी बाहेर आली. वर डोंगर, खाली ठळक अक्षरांत 'पास'. साहेब हसले. मग उपाध्यक्ष पास झाले, खजिनदार पास झाले. माझा नंबर आला, मीही पास झाले, आणि खरं सांगते, मला मॅट्रिकच्या वेळी झाला नव्हता इतका आनंद झाला. चिठ्ठी पर्समध्ये ठेवली. आयुष्यात कधी नव्हे ते कानानं मला नावलौकिक मिळवून दिला होता.

राखाडी यंत्र काहीच बोलत नव्हतं. नुसता डोंगर किंवा नुसती सपाट रेघ दाखवायचं. काय ते माणसानं वाचून सांगायचं.

अप्पा कोपऱ्यात बसून होते. त्यांच्या वडिलांच्या आडतीवर एक लोखंडी परखी असायची, टोकदार, पन्हळीसारखी. पोतं घ्यायचं तर ती तीनदा खुपसायची: तोंडाशी, पोटात आणि तळाला. तोंडाशी नेहमी चांगलाच माल असतो. अप्पा कुठलीही वस्तू तशीच पारखायचे, मग ती आंब्याची पेटी असो की जावई. ते म्हणाले, "साहेब, हे सगळं तोंडाशीचं झालं. आता तळ बगू."

बाहेर जाऊन ते आमच्याच शाळेतल्या नामदेवला हात धरून घेऊन आले. त्याला येताना बरोबर का घेतलंय हे मला त्यांनी सांगितलं नव्हतं. मला वाटलं, पोराला नांदेड दाखवायचंय. नामदेव जन्मापासून ठार बहिरा. कानामागं ढोल बडवला तरी पापणी हलायची नाही. अप्पांनी त्याच्या कानाला निळं यंत्र लावलं.

टिंग. डोंगर. 'पास'.

अप्पांनी ती चिठ्ठी नामदेवच्या हातात दिली. त्यानं ती सगळ्यांना दाखवली. त्याला बक्षीस मिळाल्यासारखं वाटलं.

विक्रेता म्हणाला, "सर, मशिन बरोबरच सांगतंय. हे मधल्या कानाचं मशिन आहे. पडदा हलतो का, मागं पाणी आहे का, एवढंच ते बघतं. ऐकू येण्याची तपासणी वेगळी असते."

"हाव. तुमचं बरोबर हाय," अप्पा म्हणाले. "दार उघडतंय का, एवढं हे यंत्र सांगतं. घरात कुणी हाय का न्हाई, हे तेला काय ठाऊक? हे तुम्हाला माहीत हाय, मला माहीत हाय. पर ही चिठ्ठी घेऊन जी माय घरी जाईल, तिला कोण सांगणार? ती म्हणंल, लेकरू पास झालं. आन् बोलायला उशीर व्हायलाय म्हणून वाट बगत बसंल. एक वर्स. दोन वर्सं. तेवढ्यात लेकराचं बोलायचं वय गेलं की."

मला आठवतं, विक्रेता चांगला माणूस होता. तो म्हणाला, "सर, तो शब्द बंद करता येतो. सेटिंगमध्ये आहे. नुसता डोंगर छापून येईल."

अप्पांचा चेहरा उजळला. "मंग झालं की! निळं घ्या. हलकं हाय, रडतं लेकरूबी झेलतंय. यंत्राशी माझं वैर न्हाई. तेवढा शब्द काढा."

अध्यक्षसाहेबांनी मान हलवली. "अप्पा, तुमच्याबद्दल आदर आहे. पण डोंगर वाचायला प्रत्येक गावात तुम्हाला कुठून आणायचं? हा शब्द असला तर कुणीही यंत्र चालवू शकतं. एका दिवसात अख्खी शाळा होते. आणि लोकांच्या हातात काहीतरी पडायला हवं. नुसता डोंगर घेऊन माणूस काय करणार?"

"आन् चुकीचं घेऊन काय करणार?"

"चुकीचं नाही, आत्ताच ते म्हणाले ना." साहेब हसत म्हणाले, "तुम्ही असं करा, शिबिरात यंत्राशेजारी खुर्ची टाकून बसा. चिठ्ठी दिली की प्रत्येकीला समजावून सांगा. कोण नको म्हणतंय?"

माझ्या मते ही वाट बरी होती. आजही मला तसंच वाटतं. बसले असते खुर्ची टाकून, ओरडले असते आयांवर, फुटाणे वाटले असते. पण अप्पा उठले. म्हणाले, "खोटं बोलणाऱ्याच्या शेजारी दुभाषा म्हणून बसायला अप्पा मोकळा न्हाई." नामदेवचा हात धरला आणि गेले. भांडण त्यांनीच जिंकलं होतं, त्यात शंका नाही. सगळ्या हॉलला ते कळलं होतं. पाच मिनिटांनी यंत्र निळंच ठरलं, शब्दासकट.

अप्पांची शिबिरं सुटली. अप्पांनी गंजगोलाईच्या बाजाराजवळ एक खोली घेतली, ते राखाडी यंत्र स्वतःच्या पैशानं आणलं आणि तिथं कान तपासायला लागले. आमच्या शाळेत यायचे तेवढं चालू राहिलं. निळं यंत्र गावोगाव फिरलं. मी एकदा मुरुडला ते काम करताना पाहिलं. दोन दिवसांत शिकवून तयार केलेली एक मुलगी ते चालवत होती. बिचारी प्रामाणिक होती, यंत्र सांगेल तेच सांगत होती. टिंग, टिंग, टिंग. आया चिठ्ठ्या पदराला बांधून जात होत्या. काहींनी त्यांना प्लास्टिक मढवून देवघरात ठेवलं, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. साहेबांचा फोटो पेपरात आला. ज्यांच्या कानात पाणी होतं अशा कितीतरी लेकरांना त्या यंत्रानं शोधून काढलं, हेही खरं. त्याबद्दल लोक दुवा देतात आणि द्यायलाच हवा.

अप्पांच्या खोलीवर मात्र दुसरीच लेकरं यायची. अडीच वर्षांचं, तीन वर्षांचं, 'आई'सुद्धा न म्हणणारं. आणि बापाच्या खिशात जपून ठेवलेली चिठ्ठी. अप्पा ती चिठ्ठी बापाच्या समोर फाडायचे. "सरकारी नोट असल्यागत जपलीस व्हय रे? लेकराला कवा बगितलंस का?" आणि मग तो बाप पुन्हा कधी यायचा नाही, कारण अपमान सहन करून परत यायला माणूस अप्पांच्याच घरचा असावा लागतो. मी म्हणायचे, "अप्पा, हळू बोला हो, तो आधीच मोडलाय." ते म्हणायचे, "बाई, तुम्ही अत्तर सोडलंत, मवाळपणा सोडा आता."

जूनमध्ये शाळा उघडली तेव्हाचं सांगते. ते माझं शेवटचं वर्ष. प्रवेशाच्या दिवशी व्हरांड्यातल्या बाकावर आया रांगेनं बसलेल्या, आणि त्यांच्यात अप्पा. तो त्यांचा तपासणीचा वार नव्हता. मी आपली नेहमीच्या आगाऊपणानं पुढं झाले. "काय अप्पा, आज कुणाशी भांडायला आलात?"

ते जरा बाजूला सरकले. तेव्हा मला त्यांच्या गुडघ्यामागं उभी असलेली पोरगी दिसली. तीनेक वर्षांची, दोन शेंड्या, डोळे अप्पांचे. शेजारी एक तरुण बाई दुसरीकडं तोंड करून बसली होती. ती त्यांची सून. मुलाचं रेणापूरला खताचं दुकान होतं. ही मंडळी तिथं राहायची.

"ही गिरिजा," अप्पा म्हणाले. "आमची."

वर्गात नेऊन मी विचारपूस सुरू केली. कधीपासून लक्षात आलं, कुठं दाखवलं, हे नेहमीचे प्रश्न. अप्पांनी तोंड उघडायच्या आत सून बोलली. सासऱ्यासमोर तिचा पदर डोक्यावरच होता, पण शब्द एकेक दगडासारखे पडत होते.

"मी म्हणलं होतं मामा, हिला ऐकू येईना. वर्सभराची नव्हती तवाच म्हणलं होतं. कुकरच्या शिटीला दचकत न्हाई, हाक मारली तर बगत न्हाई. तुम्ही काय म्हणलात? शिबिरात झालंय की तपासून. चिठ्ठी हाय की."

मी अप्पांकडं पाहिलं. मला वाटलं, ते आता गरजतील. ते खाली फरशीकडं बघत होते.

"कोणती चिठ्ठी, अप्पा?" मी विचारलं. विचारायला नको होतं. उत्तर कळलं होतं.

"तीच," ते म्हणाले. "रेणापूरला शिबिर झालं. पोरानं नेलं हिला, मला न विचारता. पास आली." मग म्हणाले, "मला ठाऊक होतं बाई. पाचव्या महिन्यात माझ्या हातून परात पडली हिच्या उशाजवळ. झोपलेली हलली न्हाई. मी मनाला म्हणलं, झोप गाढ हाय, आमच्या घराण्याचीच झोप तशी. मंग ती चिठ्ठी आली. मी ती हातात घेतली आन् मला लई बरं वाटलं. खिशात घालून दिवसभर फिरलो."

"तुमच्या खोलीत सगळी यंत्रं होती अप्पा," मी म्हटलं. माझ्या आवाजात राग आला असावा.

"होती."

"मग?"

"मंग काय? लावलं न्हाई. आज लावू, उद्या लावू. लेकराला जरा मोठं होऊ द्या. हिची आजी म्हणायची, घरच्या लेकराला कशाला यंत्र लावता, नजर लागंल. मी असल्या गोष्टीवर लोकांना शिव्या दिल्यात. तवा मात्र म्हणलं, बरोबर हाय तिचं." ते हसले की काय, कळलं नाही. "दुसऱ्याची चिठ्ठी फाडायला काय लागतंय बाई."

सून उठून बाहेर गेली. गिरिजा माझ्या टेबलावरच्या रंगीत मण्यांशी खेळत होती. तिच्या कानाला अप्पांनी आदल्या आठवड्यात यंत्र लावलं होतं, राखाडी. दोन्ही बाजूंना सुरेख डोंगर. मग खरी तपासणी केली, मोठ्यातल्या मोठ्या आवाजापर्यंत. दार उघडत होतं, घरात कुणी नव्हतं. हैदराबादच्या डॉक्टरांनी ऑपरेशनचं बघू म्हणून सांगितलं होतं, आणि तेच वाक्य ऐकवलं होतं जे अप्पांनी आयुष्यभर दुसऱ्यांना ऐकवलं: आधी का नाही आणलंत?

मी त्यांना धीर द्यायला काहीतरी बोलले असेन. ते म्हणाले, "राहू द्या. नाव लिहून घ्या." आणि फॉर्मवर पालक म्हणून मुलाऐवजी त्यांनी स्वतःची सही केली. मुलगा आलाच नव्हता. तो अप्पांशी बोलत नव्हता, हे मला पुढं कळलं.

त्या वर्षी अप्पा शाळेत रोज यायचे, पण तपासायला नाही. पालकांच्या बाकावर बसायचे. बहिऱ्या मुलाशी घरात कसं बोलावं हे मी आयांना शिकवायचे, तेव्हा तेही ऐकायचे: लेकराच्या समोर बसा, उजेड तुमच्या तोंडावर असू द्या, ओठ दिसू द्या, एकच शब्द पुन्हा पुन्हा म्हणा. हे सगळं त्यांनीच मला तीस वर्षांपूर्वी सांगितलेलं. एकदा मी चुकून विचारलं, "बरोबर ना अप्पा?" तर बाकीच्या आयांसारखे नुसते मान हलवून राहिले. एका आईनं लेकराच्या कानात तेल घातलं होतं. तिला मीच रागावले. अप्पांनी त्या लेकराला फुटाणे दिले. ओरडले नाहीत. त्या व्हरांड्यातली ती शांतता मला सहन व्हायची नाही. मी, जिला त्यांच्या ओरडण्यानं इतकी वर्षं कानकोंडं व्हायचं, ती मी मनातल्या मनात म्हणायचे, अहो, एकदा तरी भांडा कुणाशी.

नांदेडच्या संस्थेनं मध्ये आणखी एक नवं यंत्र घेतल्याचं कानावर आलं. त्याच्यावर 'पास'च्या शेजारी हसरा चेहराही छापून येतो म्हणे. मी ते अप्पांना सांगितलं. ते म्हणाले, "आसू द्या."

मग मी निवृत्त झाले, आणि अप्पा दिसेनासे झाले. ऑपरेशन झालं की नाही, कुणी नक्की सांगेना.

शेवटचे दिसले ते लातूरच्या बसस्टँडवर. मी नांदेडला मुलीकडं निघाले होते. रेणापूरच्या गाडीला गर्दी. त्या गर्दीत अप्पा उभे, खांद्यावर गिरिजा. तिचं तोंड त्यांच्या पाठीकडं, कानांत काही नाही. आणि अप्पा बोलत होते. सारखं बोलत होते, मान वळवून तिच्या गालाजवळ, हळू आवाजात: ती बघ मरी, उसाची गाडी, तो बघ कंडक्टर, आता आपली बस येणार, घरी मम्मी वाट बघत असंल. कुठं थांबणं नाही, श्वास घेणं नाही.

मी जवळ गेले. शिक्षिकेची खोड, मरेपर्यंत जात नाही. म्हटलं, "अप्पा, समोर घ्या तिला. ओठ दिसू द्या. असं मागून बोलून काय कळणार तिला?"

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. कपाळावरची विभूती घामानं ओघळली होती. म्हणाले, "तिला समोरून बोलतो की. घरी रोज बोलतो, दिवा लावून. हे तिच्यासाठी न्हाई बाई. हे माझं मी बोलून राहिलो."

गाडी लागली. ते धक्क्यामुक्क्यात वर चढले, खिडकीशी जागा मिळाली. गिरिजानं त्यांच्या खांद्यावरून माझ्याकडं पाहिलं, ओळखलं नाही. तिचा एक तळहात अप्पांच्या गळ्यावर, बोलताना थरथरणाऱ्या घाटीजवळ घट्ट टेकलेला होता. गाडी सुटून वळली तरी तो हात तिथंच होता, आणि अप्पांचं तोंड चालू होतं.